तिचं नाव कोणीतरी लिहायला हवं होतं

गेल्या रविवारी इथे ह्यूस्टनला सिग्मा या नर्सेसच्या संस्थेच्या आमच्या चॅप्टरचा, म्हणजे शाखेचा, स्प्रिंग इंडक्शनचा, म्हणजे नवीन सभासदांना सामील करून घेण्याचा, कार्यक्रम झाला आणि त्यात यंदाचा लीडरशिपचा सन्मान आमच्याच युनिटमधल्या एका स्टाफ नर्सला मिळाला. मॅनेजर नाही, डायरेक्टर नाही, प्रोफेसर तर नाहीच, बारा-बारा तासांच्या शिफ्ट करणारी, पेशंटच्या उशाशी उभी राहून काम करणारी साधी बेडसाइड नर्स. मी फोटो टाकले तर मंडळातल्या बऱ्याच जणींनी विचारलं की हे सिग्मा सिग्मा म्हणजे काय, गळ्यात तो जांभळट दोर कसला आणि मागे ऐन दिवाळीत घर सोडून सॅन अँटोनिओला कशाला गेली होतीस. तर एकदाच सगळं सांगते, लांबेल थोडं, पण मला हे मनापासून सांगायचंय.

सिग्मा म्हणजे सिग्मा थीटा टाउ, नर्सेसची ऑनर सोसायटी. ही युनियन नाही, लायसन्स देणारं बोर्ड नाही, नोकरी लावून देणारी एजन्सी पण नाही. चांगला अभ्यास केलेल्या, चांगलं काम केलेल्या नर्सेसना बोलावून सभासद करून घेणारी संस्था आहे. ऑक्टोबर १९२२ मध्ये इंडियानापोलिसला, इंडियाना युनिव्हर्सिटीच्या ट्रेनिंग स्कूल फॉर नर्सेसमधल्या सहा विद्यार्थिनींनी ती सुरू केली. विद्यार्थिनींनी बरं का! अमेरिकेत बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला १९२० मध्ये, म्हणजे त्याला दोनच वर्षं झालेली, नर्सिंग शिकणाऱ्या मुली म्हणजे हॉस्पिटलला मिळालेले कामाचे हात असंच धरून चालायचे लोक, आणि त्या काळात या सहा जणी म्हणतात की आमच्यातल्या हुशारीची नोंद व्हायला पाहिजे, आमच्यातल्या पुढारपणाची नोंद व्हायला पाहिजे. मेरी टोल राइट, ईडिथ मूर कोपलँड, मरी हिपेनस्टील लिंगमन, डोरोथी गॅरिगस ॲडम्स, एलिझाबेथ रसेल बेलफर्ड आणि एलिझाबेथ मॅकविल्यम्स मिलर. मी सहाही नावं मुद्दाम लिहिलीत, कारण आजची माझी सगळी पोस्ट नाव लिहिण्याबद्दलच आहे.

आता सिग्माचे एक लाखाच्या वर सभासद आहेत, जगभर शेकडो चॅप्टर आहेत, प्रत्येक चॅप्टर कुठल्या तरी नर्सिंग कॉलेजला किंवा युनिव्हर्सिटीला जोडलेलं, काही दोन-तीन कॉलेजांचं मिळून किंवा हॉस्पिटलला धरून असलेलं, आणि नावं सगळी ग्रीक अक्षरांची. पहिलं अर्थातच अल्फा, इंडियानाचं. दुसरं बीटा, १९२७ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत. मला स्वतःला यांच्या इतिहासातली सगळ्यात आवडणारी गोष्ट १९३६ ची आहे, त्या वर्षी त्यांनी नर्सिंगमधल्या रिसर्चसाठी ग्रँट दिली, ॲलिस क्रिस्ट मलोन यांना, ६०० डॉलर. अमेरिकेत नर्सिंग रिसर्चला पैसे देणारी ही पहिलीच संस्था. १९३६ मध्ये! नर्सने डॉक्टरांची ऑर्डर पाळायची एवढंच जग मानत असताना कोणीतरी म्हणतंय की नर्सला पडलेला प्रश्न पण शोधण्यासारखा असतो, हे घ्या पैसे.

आणि आपल्याकडे असं काही नव्हतं असं नाही हं. नर्सिंगच्या पुस्तकात आम्ही शिकलो होतो की ट्रेनिंग घेतलेली पहिली भारतीय नर्स म्हणजे मुंबईची बाई काशीबाई गणपत, १८९१. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने मुलींना, त्यात विधवा मुलीही होत्या, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, त्या काळी घरोघरी काय बोलणी खाल्ली असतील त्यांनी! ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन १९०८ पासून आहे आणि तिची विद्यार्थ्यांची शाखा, एसएनए, १९२९ पासून. मिरजेला शिकत असताना एसएनएच्या स्पर्धांसाठी पोस्टर रंगवत रात्र रात्र बसलेल्या कितीतरी जणी आज हे वाचत असतील. तर हे सगळं आपल्या रक्तात आहे, फक्त नोकरी लागली की ते सुटतं. का सुटतं त्याच्याकडे येते.

आधी चॅप्टर करतं काय ते सांगते. बॅचलर्स करणारी विद्यार्थिनी असेल तर निम्मा अभ्यासक्रम झालेला हवा, ग्रेड ४ पैकी किमान ३, आणि वर्गात वरच्या ३५ टक्क्यांत नंबर हवा. आधीच नोकरी करणाऱ्या नर्सला नर्स लीडर म्हणून येता येतं, त्यासाठी किमान बॅचलर्स डिग्री आणि काहीतरी करून दाखवलेलं काम लागतं. (जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्यांनी हे लक्षात ठेवा, मी स्वतः जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी केलं म्हणून मला इथे दार उघडलं, नाहीतर नुसत्या डिप्लोमावर झालं नसतं.) मग इंडक्शन होतं, मेणबत्त्या लावतात, शपथ असते, मला तर दर वेळी आपल्याकडचं लॅम्प लायटिंग आठवतं आणि दर वेळी डोळ्यात पाणी येतं. ऑर्किड हे सोसायटीचं फूल, म्हणून ऑर्किडचा जांभळट आणि पांढरा हे रंग, ग्रॅज्युएशनला गळ्यात घालायचा तो दोर त्याच रंगांचा. पिनवर किल्ली आहे, ज्ञानाचा दिवा आहे आणि त्या सहा जणींसाठी सहा तारे आहेत.

पण इंडक्शन हा सोपा भाग. बऱ्याच मुली दोर घेतात, रेझ्युमेवर एक ओळ टाकतात आणि पुढच्या वर्षी फी भरत नाहीत, गेल्या त्या. मी त्यांना नावं ठेवत नाही, डोक्यावर स्टुडंट लोन असतं, नवीन नोकरीत नाइट शिफ्ट असते. पण मग चॅप्टर चालवायला उरतात मूठभर. आमचं बोर्ड म्हणजे प्रेसिडेंट, व्हाइस प्रेसिडेंट, सेक्रेटरी, ट्रेझरर, कॉलेजच्या फॅकल्टीपैकी काउन्सेलर, आणि एक कमिटी असते लीडरशिप सक्सेशनची, मी त्या कमिटीत आहे. निवडणुकीला उमेदवार शोधायचे, पुढे कोणाला तयार करायचं ते बघायचं आणि आमच्या चॅप्टरमध्ये सन्मानांसाठी नावं गोळा करायची हे पण आमच्याच गळ्यात. तर या कमिटीत बसल्यावर मला जे कळलं ते असं की नावं येतच नाहीत. फॉर्म सगळ्यांना जातो, ईमेल जातात, परत आठवण जाते, आणि जी नावं येतात ती सगळी ऑफिसात बसणाऱ्यांची. म्हणजे डीन, डायरेक्टर, चीफ नर्स. त्यांचं काम मोठंच असतं, पण त्यांची नावं येण्याचं कारण त्यांच्याकडे तयार सीव्ही असतो आणि पत्र लिहून देणारी माणसं असतात. बेडसाइडवाल्या बाईकडे काय असतं? रिपोर्ट शीट. शिफ्ट संपली की श्रेडरमध्ये.

माझ्या पहिल्या नोकरीतलं सांगते, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. बाळंतिणींच्या वॉर्डात आमच्या इनचार्ज सिस्टर होत्या, त्यांनी बाळंतपणानंतरचं ब्लीडिंग नुसतं डोळ्याने अंदाज करायचं बंद केलं. कोरड्या पॅडचं वजन आधी माहीत, भिजलेलं पॅड काट्यावर ठेवायचं, फरक काढायचा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलीलिटर. किचनमधून एक छोटा काटा आणला होता त्यांनी, आणि भिंतीला दोरीने पेन्सिल बांधलेली वही. आम्ही पोरी आधी कुरकुरलो, मग सवय झाली, आणि जास्त ब्लीडिंग लवकर कळायला लागलं, डॉक्टरांना लवकर बोलावणं जायला लागलं. पुढे ते काम एका कॉन्फरन्समध्ये सादर झालं, स्लाइडवर भरपूर नावं होती, सिस्टरांचं नव्हतं. त्यांनी काही तक्रार केली नाही, त्या म्हणाल्या, "अगं पेशंट वाचतायत ना, मग झालं." मला तेव्हा ते फार थोर वाटलं होतं. आता मला वाटतं की त्या थोर होत्याच, पण स्लाइडवर नाव नसणं हे चूकच होतं, आणि त्यांच्या मोठेपणामुळे ती चूक बरोबर होत नाही.

आता आमच्या आटेबद्दल. आटे म्हणजे फिलिपिनो लोकांमध्ये मोठी बहीण, आमच्या युनिटमध्ये सगळेच तिला आटे म्हणतात, केरळच्या पोरी तिला चेची म्हणतात, मी ताई म्हणते, ती सगळ्याला ओ देते. आमचं टेलिमेट्री युनिट, म्हणजे हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर बघतात ते, हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमजोर झालेले पेशंट खूप. आता हार्ट फेल्युअरच्या पेशंटला घरी सोडताना आम्ही सगळ्याच एक पाठ म्हणतो, की रोज सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं, लिहून ठेवायचं, आणि एका दिवसात दोन-तीन पाउंड किंवा आठवड्यात पाच पाउंड वाढलं की लगेच फोन करायचा. कारण अंगात पाणी साठायला लागलं की दम लागायच्या आधी, पाय सुजायच्या आधी काटा सांगतो. पेशंट मान डोलावतो, सही करतो, जातो. आणि दोन-तीन आठवड्यांनी परत येतो, श्वास घेता येत नाही म्हणून. हॉस्पिटललाही याची चिंता असते कारण २०१२ च्या ऑक्टोबरपासून मेडिकेअर, म्हणजे इथला मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, तीस दिवसांत परत येणाऱ्यांच्या हिशोबाने पैसे कापतं आणि हार्ट फेल्युअर त्या यादीत आहे, पण ते जाऊ दे, माणूस बुडाल्यासारखा धापा टाकत येतो हे बघणंच वाईट असतं.

आटेने काय केलं, तर पाठ म्हणून झाला की ती खुर्ची ओढून बसायची आणि विचारायची, घरी वजनकाटा आहे का? हो म्हणाले की पुढचा प्रश्न, कुठे आहे? मग, त्यावर धरल्याशिवाय उभं राहता येतं का? मग, आकडा वाचता येतो का? एक आजोबा म्हणाले हो आहे की काटा, विचारल्यावर कळलं गॅरेजमध्ये खोक्यांच्या खाली आहे आणि त्याची बॅटरी कधीच संपली. एका बाईंना वाकून आकडा दिसत नव्हता आणि त्या एकट्या राहत होत्या. कितीतरी जणांकडे काटाच नव्हता आणि विकत आणायला पैसे नव्हते आणि ते सांगायची लाज वाटत होती. ही उत्तरं ती आपल्या ब्रेनच्या मागच्या बाजूला लिहायची (रिपोर्ट शीटला आम्ही ब्रेन म्हणतो, त्यावर सगळ्या पेशंटचं सगळं असतं), बारीक अक्षरात, पेशंटचं नाव न लिहिता, नुसतं "काटा नाही", "काटा आहे, दिसत नाही", "काटा आहे, उभं राहवत नाही". मग ती केस मॅनेजरच्या (पेशंटची घरी जाण्याची व्यवस्था बघणारी) मागे लागली, मग आमच्या मॅनेजरच्या, मग हॉस्पिटलच्या देणग्या बघणाऱ्या फाउंडेशनच्या ऑफिसात जाऊन बसली, आणि शेवटी ज्यांच्याकडे नाही त्यांना मोठ्या आकड्यांचा काटा घरी जाताना द्यायचा असं सुरू झालं. आणि हे चारही प्रश्न आता डिस्चार्जच्या चेकलिस्टवर आहेत, म्हणजे आटे ड्युटीवर नसली तरी कोणीही विचारतं. माझ्या मते हेच पुढारपण, आपण नसतानाही काम चालू राहील असं करून ठेवणं.

मी तिला म्हटलं याचं ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा थोडक्यात सारांश, लिहूया, सिग्माच्या कन्व्हेन्शनला, म्हणजे मोठ्या संमेलनाला, पाठवूया. ती म्हणे मी काय केलंय, मी तर नुसतं विचारलं. हे वाक्य मी इतक्या नर्सेसच्या तोंडून ऐकलंय ना, इकडे, तिकडे, सगळीकडे! नुसतं विचारलं, नुसतं लक्ष ठेवलं, नुसतं थांबले. तिची डिग्री बॅचलर्स, फिलिपीन्समध्ये नर्सिंगला बीएसएनच करावं लागतं, म्हणजे नर्स लीडर म्हणून सभासद व्हायला काही अडचण नव्हती, पण सीव्ही म्हणून तिच्याकडे जे होतं त्यात नोकरीच्या तारखा आणि लायसन्स नंबर एवढंच. आम्ही माझ्या डायनिंग टेबलावर बसलो, समोर पोहे आणि चहा, ती बोलत गेली, मी टाइप करत गेले. आमच्या चॅप्टरच्या काउन्सेलर बाईंनी पुढचं शिकवलं, की हे रिसर्च नसून क्वालिटी इम्प्रूव्हमेंट आहे असं हॉस्पिटलकडून लेखी घ्यायचं, आधी काय होतं, काय बदललं, कसं मोजलं ते क्रमाने मांडायचं, पेशंट ओळखू येईल असं काहीही ठेवायचं नाही. कॉलेजवाल्या आणि बेडसाइडवाल्या एका टेबलाशी येतात तो हा भाग आहे चॅप्टरचा, आणि माझ्यासाठी फीचे पैसे तिथेच वसूल होतात. ॲबस्ट्रॅक्ट नाव झाकून तपासतात, कोण आहे कुठली आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि आटेचं पोस्टर म्हणून घेतलं गेलं.

कन्व्हेन्शन दर दोन वर्षांनी, विषम सालांत असतं. २०१९ ला वॉशिंग्टन डीसीजवळ झालं होतं, तिथे रिचर्ड रिकियार्डी प्रेसिडेंट झाले आणि त्यांनी आपल्या दोन वर्षांसाठी घोषवाक्य ठेवलं होतं कामात आनंद ओता म्हणून, आणि लगेच कोविड. २०२० हे डब्ल्यूएचओने नर्स आणि मिडवाइफचं वर्ष म्हणून जाहीर केलेलं, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं म्हणून, आणि त्याच वर्षी आम्ही एन-९५ मास्क जपून जपून वापरत होतो. त्यामुळे २०२३ चं, ४७ वं कन्व्हेन्शन सॅन अँटोनिओला आहे म्हटल्यावर आमच्या चॅप्टरने ठरवलं की यंदा जास्तीत जास्त जणींना न्यायचं, ह्यूस्टनहून जेमतेम दोनशे मैल, गाडीने तीन तास, विमानाचा खर्च नाही. रजिस्ट्रेशन काही शे डॉलर असतं, ते स्वस्त नाही, त्यासाठी आम्ही बेक सेल केला, मी चकल्या आणि शंकरपाळी विकली, हातोहात संपली. एका विद्यार्थिनीला रायझिंग स्टार म्हणून पोस्टरसाठी चॅप्टरने पाठवलं, तिचा सगळा खर्च त्यातून निघाला.

फक्त तारखा नेमक्या दिवाळीच्या. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच रविवारी, १२ नोव्हेंबरला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी सगळी तयारी करून ठेवली, नवरा म्हणाला तू जा, पूजा मी आणि मुलं करतो, फोनवर दाखवतो. फराळाचा डबा मात्र बरोबर घेतला. आय-टेन हायवेवर लुलिंगच्या बकीजला (पेट्रोल पंप आणि मोठं दुकान) आम्ही थांबलो आणि पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर डबा उघडून सगळ्यांनी चिवडा खाल्ला, आटेला बेसनाचा लाडू इतका आवडला की तिने रेसिपी लिहून घेतली, तीही ब्रेनच्या मागे.

हाउस ऑफ डेलिगेट्सबद्दल, म्हणजे सगळ्या चॅप्टरांच्या प्रतिनिधींच्या सभेबद्दल, सांगायला हवं कारण ते कोणी सांगत नाही. प्रत्येक चॅप्टरचे दोन डेलिगेट, त्यातली एक मी होते. बायलॉजमधल्या बदलांवर मतदान, बोर्डाची निवडणूक, माइकसमोर रांग, कोणी दुरुस्ती मांडतंय, कोणी त्याला विरोध करतंय. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेसारखंच, फक्त जगभरातून आलेल्या नर्सेसची. मिरजेच्या वॉर्डात डॉक्टर राउंडला आले की मागे भिंतीला टेकून उभं राहायची सवय असलेली मी, माझ्या मताला तिथे किंमत होती, आणि ते मत माझं एकटीचं नव्हतं, चॅप्टरने आधी मीटिंग घेऊन ठरवलेलं होतं. केनेथ डायन यांची प्रेसिडेंटशिप संपली आणि सॅन्ड्रा बिब यांची सुरू झाली. याआधी दक्षिण आफ्रिकेच्या हेस्टर क्लॉपर पण प्रेसिडेंट होऊन गेल्यात, २०१३ ते २०१५. एक दिवस आपल्याकडची कोणीतरी त्या जागी असावी असं मला मनापासून वाटतं आणि ते अशक्य आहे असं मला वाटत नाही.

सहा संस्थापिकांच्या नावाने सहा फाउंडर्स अवॉर्ड्स असतात. लीडरशिपसाठी मेरी टोल राइटचं, शिक्षणासाठी बेलफर्डचं, रिसर्चसाठी मिलरचं, नर्सिंग प्रॅक्टिससाठी लिंगमनचं, कल्पकतेसाठी कोपलँडचं आणि व्यावसायिक दर्जा जपण्यासाठी ॲडम्सचं. शिवाय चॅप्टरांसाठी की अवॉर्ड, म्हणजे दोन वर्षांत सभासद किती टिकवले, कार्यक्रम कसले केले, रिसर्चला मदत केली का, नवीन लीडर तयार केले का, हे सगळं कागदावर दाखवायचं. आमच्या चॅप्टरला या वेळी ते मिळालं. याचं खरं श्रेय आमच्या सेक्रेटरीला, तिने दोन वर्षं प्रत्येक मीटिंगचे मिनिट्स, प्रत्येक कार्यक्रमाची हजेरी, फोटो, सगळं नीट फोल्डरमध्ये ठेवलं नसतं तर काम करूनही आमच्या हातात काही नव्हतं.

आटेचं पोस्टर सकाळच्या सेशनला होतं. कापडावर छापून आणलं होतं, घडी घालून बॅगेत बसतं. पहिल्यांदा ती पोस्टरच्या बाजूला इतकी लांब उभी राहिली की लोकांना वाटलं ही कोणी दुसरीच आहे. मग आफ्रिकेतून आलेल्या एक बाई थांबल्या, त्यांनी सगळं वाचलं आणि सरळ विचारलं की ज्या गावात काटा देणं परवडतच नाही तिथे तू काय करशील? आणि आटे एकदम पुढे आली. म्हणाली की मग काटा माणसाकडे नको, जी घरोघर जाते तिच्याकडे हवा. त्या बाई म्हणाल्या आमच्याकडे तसंच करून बघायचंय. मग दोघी पायाची सूज कशी बघायची, कुठे बोट दाबायचं, किती वेळ दाबायचं, घरच्या माणसाला ते कसं शिकवायचं यावर इतकं बोलल्या, मागे लोक जमले. मला आपल्या आशाताई आठवल्या, नवजात बाळाच्या भेटीला जाताना त्यांच्या पिशवीत वजनकाटा असतोच की, तोच विचार. मी तिथे काही बोलले नाही, नुसते फोटो काढत राहिले.

तिथून परत आल्यावर मी चॅप्टरच्या लीडरशिप सन्मानासाठी तिचं नाव भरलं, आणि कमिटीत आहे म्हणून त्या निवडीच्या वेळी बाहेर बसले, ते नियमाप्रमाणेच. पत्र लिहायला मला वेळ लागला कारण मी ठरवलं होतं की त्यात मेहनती, प्रेमळ, समर्पित असले शब्द एकही घालायचे नाहीत. नर्सबद्दल लोक तेच लिहितात आणि त्यातून काही कळत नाही. मी लिहिलं की तिने काय पाहिलं, कोणता प्रश्न विचारला, कोणाकोणाकडे गेली, कोण आधी नाही म्हणालं, आता काय बदललंय आणि ती रजेवर असताना ते कसं चालू राहिलं. दुसरं पत्र केस मॅनेजरने दिलं. तिसरं एका पेशंटच्या मुलीने, दोनच ओळींचं, की बाबा रोज सकाळी वजन लिहितात आणि तिला फोनवर सांगतात.

रविवारी तिचं नाव पुकारलं तेव्हा तिचा नवरा आणि दोन्ही मुलं पहिल्या रांगेत होती, मुलांना आई कामावर नेमकं काय करते ते पहिल्यांदाच नीट कळलं असं तिचा मोठा मला जेवताना म्हणाला.

आपल्याकडे पण राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार दिले जातात, १९७३ पासून, एएनएमपासून, म्हणजे गावपातळीवरच्या सहायक नर्सपासून, सगळ्यांना त्यात वाव आहे. तिथेही कागद जावे लागतात, कामाची नोंद जावी लागते, शिफारस जावी लागते. गावातल्या सबसेंटरवर वर्षानुवर्षं रात्री-अपरात्री बाळंतपणं केलेल्या एएनएमताईंना फॉर्म भरायला कोण बसणार? त्यांच्याकडे वेळ नाही, आणि स्वतःबद्दल लिहायचं म्हटलं की त्या गप्प होतात. म्हणून तिथे दुसरं कोणीतरी बसायला हवं, मेडिकल ऑफिसरने, कॉलेजच्या मॅडमने, नाहीतर शेजारच्या सबसेंटरच्या ताईने.

माझ्या त्या इनचार्ज सिस्टर आता रिटायर झाल्यात, सांगलीला मुलाकडे असतात. दिवाळीनंतर मी फोन केला आणि पॅड वजन करायची गोष्ट त्यांच्याकडून सगळी परत विचारून लिहून घेतली, वही कधी सुरू केली, काटा कुठून आणला, डॉक्टर पहिल्यांदा काय म्हणाले. त्या म्हणाल्या, "आता कशाला गं हे." मी म्हटलं, "सिस्टर, तुमच्या नावासकट हवंय मला." पुढच्या महिन्यात चॅप्टरच्या ऑनलाइन कार्यक्रमात बेडसाइडवर सुरू झालेल्या सुधारणांवर बोलायचंय, तिथे पहिली स्लाइड त्यांचीच आहे.

२०२५ च्या नोव्हेंबरचं कन्व्हेन्शन ठरलं ते परत इंडियानापोलिसला, जिथून हे सगळं सुरू झालं तिथेच. ज्या मराठी नर्सेस अमेरिकेत आहेत आणि बॅचलर्स झालंय त्यांनी आपल्या जवळच्या युनिव्हर्सिटीच्या नर्सिंग विभागाला फोन करून चॅप्टर आहे का एवढं विचारा, बहुतेक ठिकाणी असतंच. सीव्ही नाही म्हणून थांबू नका, मी शनिवारी सकाळी घरी असते, व्हिडिओ कॉलवर बसू, तुम्ही बोला आणि मी टाइप करते. आणि येताना तुमच्याबरोबर काम करणाऱ्या एकीचं नाव घेऊन या, तिने काय केलं ते मला चार वाक्यांत सांगता येईल इतकं लक्षात ठेवून.